किल डेव्हिल हिल्सच्या माळावर

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरातून हायवे ६४ धरला की साडेतीन तासांत समुद्र लागतो. सांगलीची भाची सुट्टीला आली होती, विमानांचं वेड असलेली, म्हणून तिला घेऊन निघालो. पुस्तकात नाव किटी हॉकचं असतं, पण राइट बंधूंचं विमान उडालं ते त्या गावाच्या दक्षिणेला चार मैलांवर, किल डेव्हिल हिल्सला.

१७ डिसेंबर १९०३ ला विमान जिथून सुटलं तिथं मोठा दगड आहे आणि जिथं जिथं टेकलं तिथं एकेक खूण. पहिल्या खुणेपाशी भाची थांबली.

"मामा, एवढंच?"

एवढंच! १२ सेकंद, १२० फूट. ती ज्या बोइंग ७७७ मधून आली, त्याच्या पंखांचा पसारा याहून मोठा. तिनं लगेच मोबाइलवर वेळ लावून तेवढं अंतर पळून काढलं आणि ते पहिलं उड्डाण करणाऱ्या ऑरव्हिल राइटला हरवल्याचं जाहीर केलं. त्याच्या तोंडावर ताशी वीस मैलांहून जोराचा वारा होता, हे माझं कोण ऐकतंय?

चौथी खूण मात्र लांब आहे. सकाळी साडेदहाच्या सुमारास १२० फूट आणि दुपारी बाराला त्याचा भाऊ विल्बर ८५२ फूट, ५९ सेकंद! मला पहिल्या खुणेपेक्षा हीच जास्त आवडते. थोड्याच वेळात वाऱ्यानं उभं विमान उलथवलं; ते पुन्हा कधीच उडालं नाही.

मुंबईत चौपाटीवर शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ मध्येच विमान उडवलं, हा व्हॉट्सॲपवरचा दावा भाचीनं काढलाच. म्हटलं, त्याचा भरवशाचा पुरावा कुणी दाखवलेला नाही. इथं फोटो आहे, फुटांचा हिशेब आहे, बघायला उभी असलेली पाच माणसं आहेत, त्यात गावातला एक पोरगा, जॉनी मूर. टेकडीमागे हा सगळा प्रसंग ब्राँझमध्ये उभा केलाय. पोरं विमानावर चढतात, कुणी हटकत नाही. आपल्याकडे दोरी बांधली असती.

१९०३ च्या त्या विमानाच्या कापडाचा एक तुकडा नासानं इंजेन्युइटी हेलिकॉप्टरला लावून मंगळावर नेला. १९ एप्रिल २०२१ ला ते ३९ सेकंद उडालं. तिथली हवा आपल्या एक टक्का, म्हणून पाती मिनिटाला २४०० फेऱ्यांच्या आसपास फिरवावी लागली. परतताना मँटिओ येईस्तोवर गाडीत हाच विषय.

"हे करायला शिकावं काय लागतं?" भाचीनं विचारलं. राइट बंधू सायकलवाले, कॉलेजचं तोंडही न पाहिलेले, असं मी बोलून गेलो. मग ताईचा चेहरा आठवला आणि घाईनं पुस्ती जोडली: इंजेन्युइटीचे मुख्य अभियंता बॉब बलराम, मद्रास आयआयटीचे.