तुम्ही विचारलंत म्हणून : मीटर साडेसहा अंकी घेतला, आता लीड्स कोणत्या?

कोणाकडे नवा साडेसहा अंकी मीटर (सहा पूर्ण आणि पुढे एक अर्धा अंक दाखवणारा, बारीक मोजणीचा मल्टिमीटर) आला की लीड्सचा, म्हणजे मीटर आणि मोजायची वस्तू जोडणाऱ्या तारांचा, हा प्रश्न माझ्याकडे येतोच. "मीटरच्या डबीतल्या लीड्स ठेवू की चांगल्या घेऊ? जाड घेतल्या तर बरं ना?"

जाडीचं आधी संपवून टाकू. 10 व्होल्ट मोजताना 10 मेगाओहमच्या मीटरमध्ये जाणारा करंट 1 मायक्रोअँपिअर. लीडचा रोध 0.1 ओहम धरला तर तिच्यात पडणारं व्होल्टेज 0.1 मायक्रोव्होल्ट, म्हणजे 10 व्होल्टच्या रेंजवर दिसणारसुद्धा नाही. शंटमधून (मोठा करंट मोजायला वापरतात तो अगदी कमी रोधाचा तुकडा) 100 अँपिअर न्यायचे असतील तेव्हा ती केबल जाड हवी. शंटवरचे मिलिव्होल्ट मीटरपर्यंत आणणारी तार बारीक असली तरी चालते. उलट जाड तार टर्मिनलपासून उष्णता इकडून तिकडे नेते, आणि खरी भानगड उष्णतेचीच आहे.

भोसरी-चाकणकडे हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांवर के टाइप थर्मोकपल लावलेले असतात. दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा, एक टोक गरम, दुसरं थंड, आणि दर अंशाला सुमारे 41 मायक्रोव्होल्ट. 1821 साली झेबेक या शास्त्रज्ञाला हा परिणाम दिसला, आणि आज त्यावर भट्ट्यांची तापमानमोजणी चालते. तुमच्या लीड्समध्येही तोच परिणाम असतो, फक्त तिथे तो कोणी मागितलेला नसतो. तांबं आणि पितळ अशी जोडी असेल तर दर अंशाला साधारण 3 मायक्रोव्होल्ट, तांबं आणि शिसं-कथलाचं सोल्डर 1 ते 3, तांब्याला तांबंच मिळालं तर 0.2 च्या आसपास.

आता हिशोब करा. पितळी प्लग बोटांनी धरून खोचलात. एका प्लगला बोटांची ऊब जास्त लागली, दोघांत 5 अंशांचा फरक पडला. झाले 15 मायक्रोव्होल्ट. 10 व्होल्टवर ते दीड पीपीएम (दहा लाखांत दीड भाग), कोणी विचारणार नाही. पण 100 मिलिव्होल्टच्या रेंजवर शेवटचा अंक 0.1 मायक्रोव्होल्टचा असतो. तिथे तुम्ही दीडशे अंक चुकलात. म्हणून माझा पहिला प्रतिप्रश्न नेहमी हाच असतो, की मोजायचंय काय? बॅटरी, पॉवर सप्लाय, कारखान्यातल्या सेन्सरचा संकेत नेणाऱ्या 4 ते 20 मिलिअँपच्या लूपमधल्या 250 ओहमवरचे 1 ते 5 व्होल्ट, असं काही असेल तर डबीतल्या लीड्स वापरा आणि पैसे वाचवा. शंट, लोडसेल (वजन मोजणारा सेन्सर), थर्मोकपल किंवा दोन संदर्भ-व्होल्टेजमधला फरक मोजायचा असेल तर पुढचं वाचा.

लोक सोन्याच्या मुलाम्याला भुलतात. सोनं वाईट नाही. त्याला गंज नाही आणि तांब्याशी त्याचं चांगलं जमतं. पण हे नको असलेलं व्होल्टेज धातूत तापमान जिथे बदलतं त्या लांबीभर तयार होतं. मुलामा इतका पातळ असतो की त्याच्या दोन्ही बाजू जवळपास एकाच तापमानाला असतात. त्यामुळे वर काय फासलंय यापेक्षा प्लगचं अंग कशाचं आहे ते विचारा. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, "गोल्ड प्लेटेड" म्हणून मिळणारा प्लग आतून बहुधा पितळीच निघतो. लो-थर्मल (उष्णतेमुळे कमी व्होल्टेज तयार करणारं) म्हणून जे विकतात त्याचं अंग तांब्याचं किंवा टेल्युरियम कॉपरचं असतं; तांब्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास टेल्युरियम घातलं की ते लेथवर नीट कापलं जातं.

मीटरला स्क्रूचे टर्मिनल असतील तर मी तेही सांगत नाही. चांगल्या नेटवर्क केबलमधली पिळलेली एक जोडी काढा, टोकं सोला, सरळ टर्मिनलखाली दाबा. प्लग नाही, सोल्डर नाही, आणि पीळ असल्यामुळे शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्रही कमी पकडतं. फक्त केबल अस्सल तांब्याची बघा. स्वस्तातल्या केबलमध्ये अ‍ॅल्युमिनियमवर तांबं चढवलेलं असतं. ब्लेडने खरवडलंत तर आत पांढरं दिसतं. मीटरला नुसती भोकं असतील तर मात्र तांब्याचे प्लग घ्या आणि तार त्यात सोल्डर न करता क्रिंप करा, म्हणजे दाबून घट्ट बसवा.

तांबं चकचकीत हवं. तांबं आणि त्याचा ऑक्साइड यांच्यात दर अंशाला हजारभर मायक्रोव्होल्ट धरतात. बाकीचे सगळे आकडे याच्यापुढे किरकोळ. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत तर आठवड्याभरात तार काळवंडते. बारीक पॉलिश पेपर मारा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, लगेच जोडा.

जोडल्यावर हात काढा आणि थांबा. पंखा बंद, एसीचा झोत दुसरीकडे, टर्मिनलवर थर्मोकोलचं खोकं पालथं. मग लीड्सची दूरची टोकं एकमेकींना जोडून झिरो घ्या, म्हणजे तेव्हा दिसणारा आकडा शून्य धरा. त्याहून भरवशाचं म्हणजे उलटसुलट मोजणं : एकदा सरळ मोजा, मग मीटरकडचं टोक न हलवता स्रोताकडची जोडणी उलटी करून मोजा, दोन्ही आकड्यांची वजाबाकी करून निम्मं करा. लीड्स आणि मीटरमधलं स्थिर राहिलेलं ओझं निघून जातं. साध्या लीड्स आणि ही रीत, हे मला महागड्या लीड्स आणि घाई यापेक्षा केव्हाही पसंत.

लीड्सवर खर्च करण्याआधी मीटरच्या मेनूत एक गोष्ट पाहा. बऱ्याच मीटरचा इनपुट रोध सुरुवातीला 10 मेगाओहमवर ठेवलेला असतो. स्रोताचा रोध 10 किलोओहम असेल तर त्यानेच 0.1 टक्का चूक होते. 100 मिलिव्होल्टवर ती 100 मायक्रोव्होल्ट भरते. खालच्या रेंजना 10 गिगाओहमची सोय असते, ती चालू करा. मग इन्सुलेशनकडे बघायचं. पावसाळ्यात मळलेल्या पीव्हीसीतून 1 गिगाओहमची गळती झाली तर त्याच स्रोतावर 10 पीपीएम जातात. अशा कामाला टेफ्लॉनची तार बरी, ती ताठ असते खरी.

आणि या उघड्या तांब्याच्या लीड्स मीटरच्या डबीत ठेवू नका. दुसरा कोणीतरी त्याच घेऊन 230 व्होल्टच्या बोर्डावर जाईल. तिथे मीटरबरोबर आलेल्या, कॅट थ्री (मेन्सच्या वायरिंगवर मोजण्यासाठीचा सुरक्षा-दर्जा) छापलेल्या लीड्सच लागतात.