अर्धा पाइंट मागून पाहा

कामानिमित्त सहा महिने बर्मिंगहॅमला राहायचं ठरलं, तेव्हा पबमध्ये एकटीनं जाऊन बसण्याचा विचार माझ्या मनातही नव्हता. ‘परमिट रूम’ची पाटी, काळ्या काचा आणि दारातला पडदा एवढंच लहानपणापासून बघितलेलं. तिथे बाई एकटी शिरत नाही, हे कुणी शिकवावं लागत नाही. ऑफिसमधले एक सहकारी मात्र जवळच्याच डडलीचे, निवृत्तीला आलेले, पबविषयी मनापासून बोलणारे. ते म्हणाले, “एकटीच जा. काउंटरवर अर्धा पाइंट बिअर माग आणि खिडकीजवळ बस. पुढच्या दहा मिनिटांत तो पब कसा आहे ते कळेल.”

इंग्लंडचा पाइंट ५६८ मिलिलिटरचा, म्हणजे अर्धा २८४. आपल्याकडच्या कटिंगसारखंच ते. टपरीवर कटिंग मागणाऱ्याला कुणी कमी लेखत नाही, तसंच इथेही असायला हवं.

पहिला पब निघाला शहराच्या मध्यवस्तीतला. नाव सांगत नाही. काउंटरवर मी आधी उभी होते, तरी माझ्या डोक्यावरून दोन जणांना विचारून झालं. इंग्लंडमध्ये पबच्या काउंटरला रांग दिसत नाही, पण ती असते. कोण कुणाच्या आधी आलं हे दारू देणाऱ्यानं लक्षात ठेवायचं असतं, आणि चुकलं तर गिऱ्हाइकंच सांगतात, “आधी यांचं.” इथे तसं कुणी बोललं नाही. खिडकीजवळच्या टेबलांवर ‘फक्त जेवणाऱ्यांसाठी’ अशी कार्डं होती आणि सगळी टेबलं रिकामी होती. पायाखालचा गालिचा चपलेला चिकटत होता. हातपंपातून आलेल्या एलला, म्हणजे इथल्या पारंपरिक बिअरला, उघड उघड व्हिनेगरचा वास होता. तसं सांगितल्यावर उत्तर मिळालं, “खरी एल अशीच लागते.” मी नवखी, म्हणून गप्प बसले. तो अर्धा पाइंट तसाच ठेवून बाहेर पडले, तेव्हा दारूपेक्षा त्या उत्तराचा राग जास्त आला होता. ज्याला माहीत नाही त्याला खोटं सांगून गप्प करणं ही कुठल्याही धंद्यातली वाईटच गोष्ट.

सहकाऱ्यांना हे सांगितलं तर ते खरोखर दुखावले. पुढच्या शनिवारी ते आणि त्यांची बायको मला बसनं ब्रायर्ली हिलला घेऊन गेले. तिथे डेल्फ रोडवर ‘द व्हाइन’ आहे. गावात त्याला ‘बुल अँड ब्लॅडर’ म्हणतात. बॅथम्स या १८७७पासूनच्या ब्रुअरीचा, म्हणजे बिअरच्या कारखान्याचा, हा घरचा पब, ब्रुअरी लागूनच. दर्शनी भागावर शेक्सपिअरच्या नाटकातलं, चांगली एल करणाऱ्याला दुवा देणारं वाक्य मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे. आत लहान लहान खोल्या. काउंटरवरच्या बाईंनी मला “काय देऊ, बॅब?” असं विचारलं. ‘बॅब’ म्हणजे इकडचं ‘बाळा’. मी पन्नाशीची, त्या माझ्याहून लहान, तरी ते ऐकून बरं वाटलं. अर्धा पाइंट माइल्ड आणि चीज-कांद्याचा कॉब, म्हणजे गोल पाव, घेऊन आम्ही बसलो. किती वेळ बसणार, जेवणार का, हे कुणी विचारलं नाही.

माइल्ड ही या मुलखाची दारू. बॅथम्सची ३.५ टक्के अल्कोहोलची, त्यांची बिटर, म्हणजे जरा कडवट एल, ४.३ची. भट्टीसमोर, साखळ्यांच्या कारखान्यात दिवसभर घाम गाळलेल्या माणसाला दोन-चार पाइंट पिऊनही धडपणे घरी जाता यावं, अशी ती सौम्य.

त्या दुपारी मला जो हिशोब समजला, तो पबात जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावा असं वाटतं. कास्क म्हणजे पिंप. कास्क एल पिंपात असतानाही जिवंत असते, आतलं यीस्ट काम करत असतं. तळघरात अकरा ते तेरा अंश तापमानात ते पिंप निवळू द्यायचं, आणि एकदा उघडलं की आत हवा शिरते. मग साधारण तीन दिवस. त्यानंतर ती आंबटच होत जाते. लहानातलं लहान नेहमीचं पिंप फर्किन, नऊ गॅलनचं, म्हणजे ७२ पाइंट. आता एखाद्या पबात आठ हातपंप दिमाखात उभे असतील, तर आठ फर्किन म्हणजे ५७६ पाइंट तीन दिवसांत खपले पाहिजेत. गिऱ्हाईक मोजा. सहा माणसं बसलेली असतील तर त्या आठांतल्या बऱ्याच पंपांतून शिळं येणार. माझा पहिला पब असाच होता, पंप खूप आणि माणसं तुरळक. व्हाइनमध्ये निवड थोडी, पण पिंप संपतंय, नवं लागतंय, सगळं ताजं. आपल्याकडे मेन्यूकार्डावर दोनशे पदार्थ असलेल्या हॉटेलपेक्षा मिसळ आणि चहा एवढंच विकणारं दुकान आपण निवडतो, तेच हे.

त्यातूनही पेला बिघडलेला आला तर चांगल्या पबात तो वाद न घालता बदलून देतात. फेस फार असेल तर वर भरून मागता येतं, त्यात कुणी चिडायचं कारण नाही. परवाना असलेल्या जागेत नळाचं पिण्याचं पाणी फुकट द्यावं लागतं, हा तर कायदाच आहे. अर्धा पाइंटही उपलब्ध ठेवावाच लागतो. हे पहिल्या दिवशी माहीत असतं तर मी तशी गप्प बसले नसते.

माझी नाशिकची एक मैत्रीण शाकाहारी आहे. ती आली तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. पुष्कळशा कास्क एल निवळण्यासाठी ‘आयझिंग्लास’ घालतात, तो माशाच्या हवेच्या पिशवीपासून काढलेला पदार्थ. तिनं एका पबात विचारलं, तर काउंटरवरचा मुलगा “थांबा हं” म्हणून तळघरात गेला, वर आला आणि म्हणाला, “या तिन्हींत आहे. ही चौथी न निवळलेली, गढूळ दिसेल, पण तुम्हाला चालेल.” त्याच्या या खाली-वर करण्याचं मला फार अप्रूप वाटलं. “नसावं बहुतेक” म्हणून मोकळं होणं किती सोपं होतं.

नेदरटनचा ‘ओल्ड स्वान’ जाता जाता बघितला. त्याला ‘मा पार्डोज’ म्हणतात, पूर्वीच्या मालकीणबाईंच्या नावावरून. छतावर एनॅमलचे पत्रे आणि मधोमध हंस. टायटॅनिकचा मोठा नांगर याच नेदरटनमध्ये घडवला होता. १९७१ साली खऱ्या, म्हणजे पिंपातल्या जिवंत एलसाठी ‘काम्रा’ ही ग्राहकांची चळवळ सुरू झाली, त्या सुमाराला स्वतःची एल स्वतःच बनवणारे देशभरात चारच पब उरले होते, हा त्यातला एक. त्याच्या ‘स्नग’मध्ये, म्हणजे छोट्या आतल्या खोलीत, मला सर्वांत निवांत वाटलं. भिंती पाडून सगळा पब एकच दिवाणखाना केला की एकट्या माणसाला पाठ टेकायला जागा राहत नाही. हे पाडापाडीचं काम या देशात फार झालं, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

वाईट पबचा दोष नेहमी काउंटरमागच्या माणसाचाच असतो असं नाही, हेही सहकाऱ्यांनी समजावलं. बऱ्याच पबची इमारत कंपनीची असते, चालवणारा भाडेकरू. भाडं कंपनीला आणि दारूही त्याच कंपनीकडून, तिनं सांगितलेल्या भावानं घ्यायची. पूर्वी हे मालक ब्रुअरीच असत. १९८९ साली सरकारनं मोठ्या ब्रुअऱ्यांच्या बांधील पबांवर मर्यादा घातली, तर हजारो पब नुसत्या मालमत्ता सांभाळणाऱ्या कंपन्यांच्या हाती गेले. भाडेकरूंच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०१६मध्ये त्यांच्यासाठी नियमावली आणावी लागली. ज्याला पिंपामागे फारसं काही सुटत नाही, तो गालिचा कधी बदलणार? काही पब तर उरतही नाहीत. हिमलीजवळचा ‘क्रुकेड हाउस’ हा खाणींमुळे एका बाजूला कललेला जुना पब ५ ऑगस्ट २०२३च्या रात्री जळाला आणि दोनच दिवसांत पाडला गेला. सहकाऱ्यांच्या बायकोचा साखरपुडा तिथे झाला होता. त्या विषयावर त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

शेवटच्या शनिवारी ट्रामनं वेस्ट ब्रॉमिचला गेले, ‘रेड लायन’ या ‘देशी’, म्हणजे भारतीय वंशाच्या लोकांनी चालवलेल्या, पबात. दारातच तंदूरचा वास. रंगीत काचेच्या खिडक्यांत इथल्या पंजाबी लोकांची गोष्ट चितारलेली. मोठा टीव्ही, मोठा आवाज, लोखंडी तव्यावर चरचरणारा मिक्स्ड ग्रिल, शेजारच्या टेबलावर अल्बियन या इथल्या फुटबॉल संघाचे शर्ट घातलेली गोरी आजोबा-नातू जोडी. तोवर मी टीव्ही म्हणजे वाईट पब असं धरून चालले होते. इथे तसं वाटेना. पडद्याकडे पाठ करूनही गप्पा चालल्या होत्या, आणि मी अर्धाच पाइंट घेतला तरी वाटीभर मसाला शेंगदाणे समोर आले.

या पबांची मुळं जवळच्याच स्मेथिकमध्ये आहेत. ओतशाळांत राबायला आलेल्या पंजाबी कामगारांना साठच्या दशकात कित्येक पबांच्या ‘स्मोक रूम’मध्ये, म्हणजे जरा बऱ्या, आरामाच्या खोलीत, बसू देत नसत. प्यायची तर साध्या ‘पब्लिक बार’मध्ये. कामगार नेते अवतार सिंग जौहल आणि त्यांची इंडियन वर्कर्स असोसिएशन गोऱ्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन पबांत जात आणि कुणाला नाकारतात याची परीक्षाच घेत. १२ फेब्रुवारी १९६५ला अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेथिकला आले, तेव्हा त्यांनाही हा अनुभव आला. त्याच वर्षी कायद्यानं पबमधला असा भेदभाव बेकायदा ठरला. पुढे ओस पडू लागलेले पब चालवायला घेतले ते यांच्यातल्याच लोकांनी.

पलीकडच्या कोपऱ्यात एक सरदारजी बसले होते, ऐंशीच्या आसपासचे. मी मराठी आहे कळल्यावर हिंदीत म्हणाले, “मी सत्तावन्न साली आलो, बेटा. ओतशाळेत पंचवीस वर्षं काढली.” स्मोक रूमविषयी विचारलं तर त्यांनी काठीनं मागच्या बाजूला दाखवलं, “अशाच खोल्या होत्या. आम्ही दारातनं बघायचो, आत शेगडी पेटलेली असायची.”

मग त्यांनी माझ्या पेल्याकडे बघितलं. “एवढंच?” मी म्हटलं, “मला एवढंच पुरतं, पाजी.” ते म्हणाले, “बस मग, निवांत बस,” आणि खिडकीजवळच्या खुर्चीवरचा आपला कोट उचलून मांडीवर घेतला.