क्योतोत गरुड भेटला

आज जपानमधल्या क्योतोतलं सान्जुसान्गेन्दो हे बौद्ध मंदिर पाहिलं. सुमारे 120 मीटर लांबीचं लाकडी सभागृह, 1266 मध्ये पुन्हा बांधलेलं. आत कान्नोन या करुणेच्या बौद्ध देवतेच्या माणसाएवढ्या 1000 उभ्या मूर्ती, मधोमध एक भव्य बसलेली. ती शिल्पकार तान्केईने ऐंशी ओलांडल्यावर घडवली!

पण मी रेंगाळले ते पुढच्या 28 रक्षक देवतांपाशी. ब्रह्मा, इंद्र ओळखीचेच निघाले. आणि चोचवाला, पंखवाला गरुड चक्क बासरी वाजवतोय! आपल्याकडे बिचारा कायम हात जोडून विष्णूसमोर. आत फोटोला मनाई, त्यामुळे लोक खरोखर मूर्ती बघत होते. आपल्याकडेही करून बघायला हरकत नाही.

दुपारी फुशिमी इनारी, डोंगरावरचं शिंतो देवस्थान. खाली केशरी तोरींमध्ये (देवस्थानाच्या कमानी) नुसती सेल्फीची झुंबड. वाटेवरच्या योत्सुत्सुजी चौकातून बहुतेकजण क्योतो बघून माघारी फिरतात, तिथून वर रस्ता मोकळा. तोरींच्या मागच्या बाजूला देणगीदारांची नावं, त्यात कंपन्याही भरपूर. इनारी भाताचा आणि धंद्याच्या बरकतीचा देव, मग काय! डोंगर जेमतेम 233 मीटरचा, पण पायऱ्या पर्वतीवाल्यांनाही घाम फोडतील.

उद्या नारा, मोकळ्या फिरणाऱ्या हरणांचं शहर. हरणांची गर्दी चालेल, पण माणसांची गर्दी कमी कधी असते? कोणी गेलं असेल तर सांगा.