नरो वा कुंजरो वा

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा पलीकडच्या मुलीनं विचारलं, "विजय सर बोलताय ना? अठ्ठ्याहत्तरची दहावी?" दोन्ही प्रश्नांना मी हो म्हणालो. मग ती माझ्याविषयी बोलत राहिली. माझा कारखाना, माझी साधी राहणी, भूगोलाच्या खोलीसाठी मी दिलेला तो भला मोठा पृथ्वीगोल. ऐकायला बरं वाटत होतं, म्हणून जरा वेळ तिला बोलू दिलं. पृथ्वीगोलापाशी मात्र मी अडखळलो आणि सांगून टाकलं, की तुम्हाला हवा तो विजय मी नव्हे, तो दुसरा. बिचारी ओशाळली. ओशाळल्यामुळेच बहुधा म्हणाली, "मग सर, तुम्हीही लिहा ना काहीतरी."

तर हे मनोगत असं चुकून आलेलं आहे. मला त्याचं नवल वाटलं नाही. शाळेत असल्यापासून माझ्या वाट्याला आलेल्या निम्म्या गोष्टी मुळात दुसऱ्याच कुठल्यातरी विजयच्या होत्या.

आठवी ब मध्ये आम्ही चौघे विजय. शिवाय मुलींच्या बाकांवर दोन विजया, म्हणजे सरांनी 'विजय' म्हणून जरा श्वास घेतला तरी सहा माना वर व्हायच्या. आडनावानं हाक मारावी, तर चौघांपैकी दोघांचं आडनावही एकच. वडिलांच्या नावासकट पुकारायचं म्हणजे हजेरीतच तास संपायचा. मग ज्याला त्याला एकेक शब्द आपोआप चिकटला आणि मुख्याध्यापकांची खोली सोडली तर शाळाभर आम्ही त्याच शब्दांनी ओळखले जाऊ लागलो.

पहिला 'हजारे'. हा क्रिकेटवेडा. हजेरीला 'हजर' म्हणायच्या ऐवजी 'हजारे' म्हणायचा, आणि गणिताच्या सरांना ते वर्षभर कळलं नाही. विजय हे नाव क्रिकेटच्या मालकीचं आहे असा त्याचा दावा होता आणि पुरावे तोंडपाठ होते. विजय मर्चंट, विजय हजारे, विजय मांजरेकर. १९४३ च्या डिसेंबरातल्या पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना तर तो स्वतः पाहिल्यासारखा सांगायचा. हिंदू संघाकडून मर्चंट नाबाद २५०. समोरच्या 'रेस्ट' संघात हजारे. ते ख्रिस्ती, आणि ती स्पर्धा धर्मवार संघांची. रेस्टच्या दुसऱ्या डावात ३८७ धावा झाल्या, त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. भाऊ विवेकबरोबर ३०० धावांची भागीदारी, तीत भावाचा वाटा २१. एवढं करून सामना डावानं हरले. "म्हणजे विजयनं विजयचा पराजय केला," असं म्हणून तो थांबायचा, आम्ही हसेपर्यंत.

मर्चंट मुळात मर्चंट नव्हतेच, हेही त्याच्याकडूनच कळलं. घराणं ठाकरसींचं. शाळेत नाव घालताना वडिलांचा व्यवसाय विचारला गेला आणि तोच आडनावाच्या रकान्यात जाऊन बसला, असं सांगतात. शाळेच्या दप्तरात एकदा काही लिहिलं गेलं की पुढे ट्रॉफीवरसुद्धा तेच येतं! हे तीन विजय कसोटीत एकत्र कधीच खेळले नाहीत. मर्चंटांची शेवटची कसोटी १९५१ साली दिल्लीला, इंग्लंडविरुद्ध. त्यांनी १५४ केल्या, हजाऱ्यांनी नाबाद १६४. मांजरेकर पहिली कसोटी खेळले ती त्याच मालिकेत, पण कोलकात्याला, मर्चंट बाजूला झाल्यावर. आणि मालिका संपता संपता, १९५२ मध्ये मद्रासला, भारतानं आपला पहिलावहिला कसोटी सामना जिंकला. कर्णधार हजारे. पहिला विजय विजयच्याच हातून.

मराठीच्या बाईंना हे क्रिकेटपुराण सहन व्हायचं नाही. विजय म्हटलं की तेंडुलकर आठवले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. त्या काळी वाटणी अगदी स्वच्छ होती: विजय हा शब्द क्रिकेटचा आणि तेंडुलकर हा शब्द नाटकाचा. १९८९ मध्ये सोळा वर्षांचा एक मुलगा कसोटी खेळायला उतरला आणि ती वाटणी कायमची मोडली. बाई तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. पुढच्या पिढीला 'तेंडुलकर वाचा' असं सांगायची वेळ त्यांच्यावर आली नाही, हे एका परीनं बरंच झालं.

दुसरा 'इन्स्पेक्टर'. १९७३ च्या 'जंजीर'मधल्या इन्स्पेक्टर विजयवरून. त्याच्या मते विजय एकच, अमिताभ. 'दीवार'मध्ये तो विजय मरतो. त्याचं दुःख इन्स्पेक्टरनं आमच्यासारखं केलं नाही. पुढच्या पिक्चरमध्ये तो परत येणार हे त्याला ठाऊक होतं. आणि यायचाही. नवा बाप, नवं आडनाव, नवा सूड, नाव मात्र तेच. आम्ही दहावी झालो त्याच वर्षी 'त्रिशूल' आणि 'डॉन' आले, दोन्हींत विजय. सलीम-जावेद यांना दुसरं नाव सुचत नसेल असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं, नाव बदललं असतं तर दरवेळी नव्यानं ओळख करून द्यावी लागली असती. विजय म्हटलं की प्रेक्षकाला आधीच कळायचं, याच्या लहानपणी काहीतरी वाईट घडलेलं आहे. बाईंनी एकदा इन्स्पेक्टरला सांगितलं, की पडद्यावर याआधीही एक विजय होऊन गेला, गुरुदत्तचा, १९५७ च्या 'प्यासा'तला; तो कवी होता. "मग मारामारी कोण करतं त्यात?" त्यानं विचारलं. बाईंनी विषय सोडून दिला.

'शोले'मध्ये अमिताभ जय झाला तेव्हा मात्र इन्स्पेक्टर आठवडाभर उदास होता. त्याची समजूत संस्कृतच्या सरांनी काढली. म्हणाले, "अरे, वैकुंठाच्या दारावर जय आणि विजय शेजारी शेजारीच उभे असतात. पुढे शाप मिळून तेच दोघे रावण आणि कुंभकर्ण होतात. त्यामुळे फार उड्या मारू नका."

संस्कृतच्या सरांनीच मला आणि चौथ्या विजयला नावं दिली. आमचीच आडनावं एक होती. तो अंगानं दणदणीत, दोघांच्या बाकावर एकटा मावायचा, मी काडी. एकदा सरांनी तपासलेली वही उचलली आणि नाव पुकारलं. आम्ही दोघेही उभे राहिलो. सरांनी वरपासून खालपर्यंत दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "नरो वा कुंजरो वा?" वर्ग खळाळून हसला. त्या दिवसापासून तो कुंजर आणि मी नर. आज एखाद्या मास्तरांनी असं म्हटलं तर पालक सभा बोलावतील. कुंजर मात्र खूश होता. त्यानं मधल्या सुट्टीत सोंड करून दाखवली.

मग सरांनी द्रोणपर्वातली ती गोष्ट तासभर सांगितली. द्रोणाच्या मुलाचं नाव अश्वत्थामा. जन्मताच तो उच्चैःश्रव्यासारखा खिंकाळला म्हणून हे नाव. मालवराज इंद्रवर्म्याच्या हत्तीचं नावही अश्वत्थामा. हत्तीला घोड्यावरून पडलेलं नाव कोणी का द्यावं, हा माझा तेव्हाचा प्रश्न आजही तसाच आहे. भीमानं आपल्याच बाजूचा तो हत्ती मारला आणि 'अश्वत्थामा मेला' अशी आरोळी ठोकली. द्रोणाचा भीमावर विश्वास नव्हता, धर्मराजावर होता. धर्मराजानंही तेच सांगितलं, फक्त 'हत्ती' हा शब्द ओठांतल्या ओठांत. तोवर त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. त्या क्षणी तो मातीला टेकला. सरांनी टेबलावर तळहात अधांतरी धरून, मग खाली टेकवून दाखवला होता.

त्या वर्षी मी घरी महाभारताचा पिच्छा पुरवला, आणि माझ्या लक्षात आलं की आमचा वर्ग काहीच नव्हे. त्या एका ग्रंथात कृष्ण किती! सारथी कृष्ण. ग्रंथ रचणारे कृष्णद्वैपायन. द्रौपदी कृष्णा. आणि अर्जुनानं उत्तराला आपली दहा नावं सांगितली त्यांतही एक कृष्ण आहे, एक विजय आहे. कर्णपर्वात कर्णाच्या हातातल्या धनुष्याचं नावही विजयच. पण मला सगळ्यांत आवडली ती अज्ञातवासातली व्यवस्था. विराटाकडे राहायला जाण्याआधी पांडवांनी आपसात पाच गुप्त नावं ठरवली: जय, जयंत, विजय, जयत्सेन, जयद्बल. अर्जुन तो विजय. पुढे कीचकाचे भाऊबंद द्रौपदीला जाळायला नेऊ लागले तेव्हा तिनं हीच नावं घेऊन हाका मारल्या. भर रस्त्यात ओरडली तरी ऐकणाऱ्यांना कळलं नाही ती कोणाला बोलावते आहे. ज्यांना कळायला हवं त्यांना कळलं. ही नावं एकमेकांसारखी आहेत हाच त्यांचा उपयोग. गर्दीत लपायला सामान्य नावासारखी दुसरी जागा नाही, हे मला तिथे कळलं, आणि नववीत मी त्याचा उपयोग केला.

भूगोलाच्या खोलीत तेव्हा लाकडी बैठकीवरचा एक जुना पृथ्वीगोल होता. सर रजेवर होते, तास मोकळा होता. पृथ्वीला स्वतःभोवती फिरायला चोवीस तास लागतात. मी ते काम दोन सेकंदांत करून दाखवत होतो. तिसऱ्या की चौथ्या फेरीला पृथ्वी आसासकट निखळली, टेबलावर आपटली आणि घरंगळत दाराशी गेली. पॅसिफिक महासागर उभा चिरला होता.

मुख्याध्यापक आले. "कोणी केलं?"

मागून कोणीतरी म्हणालं, "सर, विजयनं."

हजारे, इन्स्पेक्टर, कुंजर, मी, चौघेही उभे राहिलो. मुख्याध्यापकांची नजर कुंजरवर थांबली. एवढी मोठी वस्तू एवढ्या मोठ्या मुलाकडूनच पडणार, असा त्यांचा हिशेब असावा. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वर्गाचा मॉनिटर. खोटं बोलत नाही अशी ख्याती. "तू सांग. विजयनंच पाडला?"

"हो सर," मी म्हणालो, "विजयनंच."

शब्दन् शब्द खरा होता. कुंजरला सहा छड्या बसल्या. त्यानं तोंड उघडलं नाही, माझ्याकडे एकदा पाहिलं फक्त. रथबिथ माझ्याकडे नव्हता, पण चालताना पाय पहिल्यांदा जमिनीला लागल्यासारखे वाटले, एवढं नक्की. पुढे दहावीपर्यंत आम्ही एकाच बाकावर बसलो आणि मी हा विषय काढला नाही. नंतरच्या सत्तेचाळीस वर्षांतही काढला नाही.

समितीचा फोन ठेवला आणि त्या मुलीनं दिलेला त्याचा नंबर लावला.

"कोण?"

"विजय."

"मीपण विजय. कोणता तू?"

"नर."

पलीकडून तेच जुनं गडगडाटी हसू आलं. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या, गुडघ्यांच्या झाल्या. मग मी विचारलं, शाळेला पृथ्वीगोल कशाला दिलास?

"अरे, म्हणजे काय? एक फोडला नव्हता का मी! नववीत. ऑफ तास होता. असा गरागरा फिरवला, आसासकट उडाला बघ. पॅसिफिक फाटला. सहा छड्या खाल्ल्या. नातवंडांना ही गोष्ट रोज लागते. आजोबांनी पृथ्वी फोडली, म्हणून मित्रांना सांगत फिरतात."

मी त्याला सगळं सांगितलं. खोलीत कोण होतं, फिरवत कोण होतं, मुख्याध्यापकांना मी काय उत्तर दिलं आणि ते कसं दिलं. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तुझी काहीतरी गल्लत होतेय. तो दुसरा विजय असेल."

"निम्मे पैसे तरी घे माझ्याकडून."

"कशाचे?"

"पृथ्वीचे."

"गप रे नरा," कुंजर म्हणाला. "फोडली मी, भरली मी. तुझा काय संबंध?"