एकाच पीसीवर विंडोज आणि लिनक्स मिंट : माझा अनुभव

आमच्या घरच्या पीसीवर बायको डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल, सगळं कोरलड्रॉ (चित्रं-मांडणीचं) आणि श्रीलिपी (मराठी अक्षरांचं) या विंडोजच्या सॉफ्टवेअरांत. त्यामुळे १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद झाले, तेव्हा ‘विंडोज उडवून लिनक्स टाक’ (लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली, मिंट हा तिचाच एक प्रकार) हा मित्रांचा सल्ला आमच्या काही कामाचा नव्हता. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आमचा आय-फाइव्ह सातव्या पिढीतला. मशीन ठणठणीत असताना नवं घ्यायला जिवावर आलं. मग असं ठरलं की विंडोज राहील ते फक्त कोरलपुरतं, नेट काढून. बँक, मेल, सर्फिंग सगळं मिंटवर.

सुरुवात बॅकअपपासून. गिऱ्हाइकांच्या फाइली बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतल्या आणि त्यातल्या काही दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून पाहिल्या. उघडून बघितल्याशिवाय बॅकअप झाला असं मी धरत नाही.

लोक लिनक्स टाकायला घाबरतात, पण खरी मेहनत आहे ती विंडोजच्या बाजूला. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून मिंटसाठी जागा काढायला ‘श्रिंक व्हॉल्यूम’ म्हटलं. ड्राइव्ह निम्म्याहून जास्त रिकामी, आणि हा गडी देऊ करतोय जेमतेम वीस जीबी! कारण असं, की हायबरनेशनची फाइल (बंद करताना चालू काम साठवणारी), पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची) यांसारख्या काही फाइली हलवता येत नाहीत. त्यातली एखादी ड्राइव्हच्या मध्यावर बसली असेल, तर तिच्यापुढची रिकामी जागा तेवढी सुटते, अलीकडची नाही. हायबरनेशन बंद केलं, पेजफाइल आणि सिस्टीम प्रोटेक्शन (विंडोजच्या जुन्या स्थितीच्या नोंदी ठेवणारं) तात्पुरतं काढलं, रीस्टार्ट केलं, आणि १०० जीबी निमूट मिळाले. नंतर पेजफाइल पुन्हा चालू केली.

हायबरनेशन बंद केल्याने ‘फास्ट स्टार्टअप’ही जातं, आणि ते जायलाच हवं. ते चालू असलं की शट डाउन केल्यावरही विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपलेलं राहतं. अशा वेळी मिंटमधून त्या ड्राइव्हवर काही लिहू दिलं जात नाही, नुसतं वाचता येतं. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) आपोआप चालू झालेलं असू शकतं, ते आधी तपासा आणि त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. आमच्याकडे ते नव्हतं.

रूफस या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्ह तयार करून मिंट २२ थेट त्यावरूनच चालवून पाहिलं. वायफाय, आवाज, प्रिंटर, तिन्ही चालले. बायकोचा प्रिंटर चालला नसता तर मी तिथेच थांबलो असतो.

इन्स्टॉलर तीन पर्याय देतो. ‘विंडोजशेजारी टाका’ सोपा आहे. ‘डिस्क पुसा’च्या वाटेला जायचंच नाही. मी ‘समथिंग एल्स’ घेतला, कारण कुठे काय जातंय ते डोळ्यांनी दिसतं. रिकाम्या जागेत एक ईएक्सटी४ पार्टिशन (लिनक्सच्या पद्धतीचा डिस्कचा भाग) केलं. विंडोजने आधीच केलेलं छोटं ईएफआय पार्टिशन (पीसी सुरू करणाऱ्या फाइलींचं) तेच वापरलं, पण त्यापुढचा ‘फॉरमॅट’चा चौकोन रिकामा आहे ना, हे दोनदा बघितलं. तिथे टिक पडली तर विंडोज सुरूच होणार नाही. पुढचं सगळं चहा होईपर्यंत उरकलं.

आता पीसी सुरू केला की ग्रबचा, म्हणजे कोणती प्रणाली उघडायची ते विचारणारा, मेनू येतो. त्यात मिंट पहिलं, म्हणजे बायको घाईत बटण दाबून स्वयंपाकघरात गेली की परत येईपर्यंत मिंट उघडलेलं. ‘मला रोज बाण दाबत बसायला लावू नकोस,’ असं तिने सुनावलं. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘मागच्या वेळी निवडलेलं तेच उघड’ असं करून दिलं.

घड्याळाची गंमत वेगळीच. सकाळी अकराला विंडोज उघडलं तर कोपऱ्यात पहाटेचे साडेपाच! मदरबोर्डच्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक समजतं, लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. आपल्याकडे फरक बरोबर साडेपाच तासांचा, म्हणून कारण लगेच ओळखू येतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ची एक ओळ देऊन त्यालाही स्थानिक वेळ धरायला लावलं. तसं केलं की ते इशारा देतं, ही पद्धत बरी नव्हे म्हणून. भारतात उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळं मागेपुढे होत नाहीत, तेव्हा मी तो मनावर घेतला नाही.

मराठी टायपिंग मिंटवर छान होतं, आयबस या टायपिंगच्या सोयीत इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडला की झालं. पण श्रीलिपीतला जुना मजकूर युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नाही, तो तिथे उघडला तर नुसती गिचमिड दिसते. ते काम विंडोजमध्येच.

आणखी एक. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर कधीकधी ग्रब न येता थेट विंडोज सुरू होतं. मिंट उडालं असं समजून पुन्हा इन्स्टॉल करू नका. बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन बूटचा क्रम बदलायचा. तिथे ‘मिंट’ शोधाल तर सापडणार नाही, त्याची नोंद ‘उबुंटू’ या नावाने असते.