लेग साइडचं स्टंपिंग

परभणीत मुलींच्या सामन्यात मी स्क्वेअर लेगला अंपायर होतो. मॅटची विकेट, मध्यमगती गोलंदाज. एवढ्या वेगाला या वयाच्या किपर बऱ्याचदा मागेच उभ्या राहतात. ही पोरगी स्वतःहून स्टंपांना खेटून उभी राहिली, तेव्हाच मी सावध झालो.

बॅटर रेषेबाहेर असताना किपरनं बेल्स उडवणं म्हणजे स्टंपिंग, आणि त्याचा निर्णय स्क्वेअर लेगच्या अंपायरचा. बॅटरचा पाय नुसता रेषेवर असला तरी आउट. रेषेच्या आत टेकलेला लागतो. आमच्याकडे कॅमेरा नाही, जे दिसेल ते एकदाच.

बॉल लेगला निसटला. अशा वेळी तो बॅटरच्या अंगाआड जातो, किपरला क्षणभर दिसतच नाही. हिचा डावा पाय त्याआधीच सरकला होता. बॉल ग्लोव्हजमध्ये आला आणि त्याच झोकात बेल्स उडाल्या. बॅटरचा मागचा पाय हवेत. मी बोट वर केलं. बॅटर माझ्याकडे बघतच राहिली.

जेवणाच्या सुट्टीत तिला बोलावलं. ग्लोव्हज मोठ्या माणसांचे, मनगटाला रुमाल गुंडाळून घट्ट केलेले. मुलींचा बॉल 140 ते 151 ग्रॅमचा, पुरुषांच्या बॉलपेक्षा लहान. तो असल्या ग्लोव्हजमध्ये घेणं सोपं नाही.

मोबाइलवर तिला इंग्लंडची किपर सारा टेलर दाखवली. 2017 च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी, ब्रिस्टल. नॅट सिव्हरचा बॉल लेगला, आणि टेलरनं त्रिशा चेट्टीला यष्टिचीत केलं. चेट्टी स्वतः दक्षिण आफ्रिकेची किपर! माझ्या मते बायकांच्या क्रिकेटमधलं याहून देखणं स्टंपिंग नाही.

पोरीनं ते पुन्हा पुन्हा लावलं. "सर, हात नका बघू. पाय बघा तिचा, कधी हलायलाय."

मग मी टेलरचं बाकीचंही सांगितलं. 2006 मध्ये इंग्लंडकडून पदार्पण. 2016 मध्ये मनावरच्या ताणामुळे खेळ थांबवला.

"मग? आली का परत?"

"हा सामना परत आल्यावरचाच. विश्वचषकही जिंकली." 2019 मध्ये ती आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्त झाली आणि 2021 मध्ये ससेक्स या इंग्लिश काउंटीच्या पुरुष संघातल्या किपरांना शिकवायला लागली, हे ऐकून पोरगी खुदकन हसली. "पोरांना?"

संध्याकाळी मी संयोजकांना तिच्या मापाच्या ग्लोव्हजचं सांगितलं. मिळेपर्यंत सांगत राहणार आहे.