काशीनेतले महाराज

फ्लॉरेन्सला निघालो तेव्हा जो भेटेल तो मायकेलअँजेलोच्या डेव्हिड पुतळ्याचं नाव घेत होता. कोल्हापूरहून आईनं फोनवर एवढंच सांगितलं, "आपले महाराज आहेत तिकडं. तेवढं बघून या."

म्हणून एक दिवस दोन भागांत वाटला. सकाळी बार्जेल्लो, दुपारी महाराजांचा अर्धपुतळा.

बार्जेल्लो म्हणजे जुना तुरुंग. १८६५ पासून तिथं शिल्पांचं संग्रहालय आहे. अर्धपुतळा म्हटलं की मला चौकातला, सोनेरी रंग मारलेला, जयंतीचा हार वाळून गेलेला पुतळाच आठवतो. इथं पहिलीच गाठ पडली फ्लॉरेन्सच्या सत्ताधारी घराण्यातल्या पिएरो द मेदिचीशी. मीनो दा फिएझोले या शिल्पकारानं तो १४५३ मध्ये घडवला. रेनेसाँ म्हणजे प्रबोधनाच्या काळातल्या ज्या संगमरवरी अर्धपुतळ्यांवर साल आहे, त्यांत हा सगळ्यात जुना मानतात. छाती खाली आडवी, करवतीनं कापावी तशी सरळ तोडलेली. रोमन शिल्पकार असं करत नसत. ते छातीला खाली गोलाई देत, पाठ आतून पोखरत आणि सगळं एका छोट्या बैठकीवर ठेवत. त्याही आधी मोठ्या रोमन घरांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे कपाटात असायचे आणि कुणी गेलं की अंत्ययात्रेत ते बाहेर निघायचे. आमच्या देवघरातल्या डब्यात पूर्वजांचे चांदीचे टाक आहेत, ते डोळ्यापुढे आले. फरक इतकाच, की आमच्या टाकांवरचे सगळे पूर्वज एकसारखे दिसतात. रोमनांना सुरकुती न् सुरकुती हवी असायची.

शिल्पकार वेरोक्क्योची फुलांचा गुच्छ धरलेली बाई तिथंच आहे. हिला कमरेपर्यंत घडवलंय, म्हणून तिच्या वाट्याला हात आले. बायको त्या बोटांपाशी बराच वेळ थांबली. मायकेलअँजेलोचा ब्रूटस अर्धवट राहिलेला. चेहऱ्यावर दातेरी छिन्नीचे ओरखडे तसेच आहेत. मला तो गुळगुळीत पुतळ्यांपेक्षा जास्त आवडला.

पण खरे पाय थबकले ते कोस्तांझापाशी. शिल्पकार बर्निनीनं १६३६-३८ च्या सुमारास हिला घडवलं, तेही कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःसाठी. ती त्याच्या एका मदतनिसाची बायको, आणि त्याची प्रेयसी. ओठ किंचित उघडे, सदऱ्याचा गळा सैल, केस कसेबसे मागे बांधलेले. "विंचरायचे राहिलेत हिचे," बायको म्हणाली. पोपांचे, कार्डिनलांचे पुतळे घडवणाऱ्या माणसानं दगडात असा घरगुती क्षण पकडावा, याचं मला फार कौतुक वाटलं. पुढची हकीकत वाचली आणि ते कौतुक घशात अडकलं. आपल्या भावाशीही तिचे संबंध आहेत हे कळल्यावर बर्निनीनं नोकर पाठवून तिच्या चेहऱ्यावर वार करवले. त्याला दंड झाला, पोपनं माफही केलं. तिला मात्र कोंडून ठेवण्यात आलं. समोरचा चेहरा त्याच्या आधीचा आहे, हे एकदा कळलं की तो पहिल्यासारखा बघता येत नाही.

याच बर्निनीनं १६६५ मध्ये पॅरिसला चौदाव्या लुईचा अर्धपुतळा करताना एक अडचण बोलून दाखवली होती. एखाद्यानं केस, दाढी, ओठ, सगळं पांढरं फासून घेतलं तर रोजच्या ओळखीचे लोकही त्याला ओळखणार नाहीत. संगमरवरात तर सगळंच पांढरं, आणि तरी माणूस ओळखू यायला हवा. म्हणून डोळ्यांभोवतीचा काळेपणा दाखवायला तो दगड जरा जास्त खोल कोरायचा. तिथं रंग नसतो, सावली ते काम करते.

दुपारी ट्रामनं काशीने पार्कला गेलो. नाव ऐकून बायको हसली, म्हणाली काशीचीच तृतीया विभक्ती. पार्क आर्नो नदीच्या काठानं लांबच लांब पसरलेलं, आणि महाराज अगदी दुसऱ्या टोकाला. ऊन मी म्हणत होतं. सायकलवरच्या एका आजोबांना "इंदियानो?", म्हणजे भारतीय, असं विचारलं, तर त्यांनी भल्यामोठ्या पुलाकडे बोट केलं. १९७८ चा तो केबलचा पूल. त्याचंही नाव 'इंदियानो'च, आमच्या महाराजांवरूनच पडलेलं. पुलाच्या रोखानं चालत राहिलो आणि झाडांच्या मागे छत्री दिसली. आपल्याकडे नदीकाठी समाधीवर असते तशी छत्री.

हे राजाराम महाराज म्हणजे शिवछत्रपतींचे पुत्र नव्हेत आणि शाहू महाराजांचेही नव्हेत. हे कोल्हापूरचे, १८६६ मध्ये गादीवर आलेले. १८७० मध्ये इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, रोजनिशी लिहिली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये ३० नोव्हेंबरला वारले. वय वीस. शहर तेव्हा इटलीची राजधानी होतं आणि दहनाची तिथं रीतच नव्हती. खास परवानगी काढून मुन्योने नदी आर्नोला मिळते त्या जागी रात्री चिता पेटली. परमुलखात सुद्धा संगम शोधला बघा!

अर्धपुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा, १८७४ चा. छत्रीचा आराखडा मेजर मँटचा; कोल्हापूरचा न्यू पॅलेसही त्याच्याच डोक्यातून उतरला. चौथऱ्यावर चार भाषांत लेख आहेत. आणि पुतळा रंगीत! सावळा चेहरा, पगडी, अंगावर दागिने. सकाळभर पांढरे चेहरे बघून आलेल्या डोळ्यांना तो आधी भडकच वाटला, जत्रेतल्या बाहुल्यासारखा. पाच मिनिटं थांबल्यावर मिसरूड दिसलं, पोरसवदा गाल दिसले. बर्निनीनं सावलीवर भागवलं, फुलरनं सरळ रंगाचा डबा उघडला. कलेच्या हिशेबात बर्निनीच मोठा, त्यात वादच नाही. पण पांढऱ्या दगडात हा पोरगा मला कोल्हापूरचा वाटला असता का, सांगता येत नाही.

फोटो काढून आईला पाठवला. लगेच उत्तर आलं: "किती बारीक पोर. जेवलात का?"